पंप दप्तरात हवा, मुख्याध्यापकांच्या कपाटात नको

दसऱ्याच्या आसपास अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते आणि वर्गावर्गांतून खोकला ऐकू येऊ लागतो. मग पालकसभेत कुणीतरी म्हणतंच, ‘कारखान्याच्या राखेनं पोरांना दमा लावला.’ राख, जळत्या पाचटाचा धूर, बाजरीच्या मळणीची धूळ यांनी दमा चाळवतो यात शंका नाही. पण शाळकरी मुलांना अटॅक येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण असतं साधी सर्दी, म्हणजे विषाणूंचा संसर्ग. युरोप-अमेरिकेत उन्हाळी सुट्टी संपून सप्टेंबरात शाळा उघडल्या की दम्यानं दवाखान्यात येणाऱ्या मुलांची संख्या वाढते, हे अनेक वर्षं नोंदलं गेलंय. आपल्या शाळा तर जूनच्या मध्याला, ऐन पहिल्या पावसात उघडतात आणि एका बाकावर तिघं-तिघं बसतात. कारखान्याला दोष देऊन मोकळं झालं की शाळेनं काय करायचं हा प्रश्न बाजूला पडतो, म्हणून हे आधी सांगितलं.

शाळेत ऐकू येणारं दुसरं वाक्य जास्त काळजीचं आहे: ‘पंपाची सवय लागते.’ इनहेलरला आपल्याकडे पंप म्हणतात आणि तो म्हणजे शेवटचा, जहाल उपाय, असं मानतात. जरा हिशेब करू. तातडीच्या पंपात साल्ब्युटामॉल असतं. त्याच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाचं नेहमीचं सिरप चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर पाजलं की पोटात २ मिलिग्रॅम जातं, पफच्या वीसपट. सिरप सगळ्या अंगात फिरतं, म्हणून मुलाचे हात थरथरतात आणि छाती धडधडते. पफ थेट श्वासनलिकेत जातो आणि काही मिनिटांत काम करतो. तरीही चमचा ‘साधा’ आणि पंप ‘कडक’! सवय म्हणाल तर व्यसन लागावं असं यात काही नाही. पंप पुन्हा लागतो, कारण आजार पुन्हा उफाळतो. साल्ब्युटामॉल नळ्या उघडतं, आतली सूज मात्र कमी करत नाही. त्यामुळे ते वरचेवर लागू लागलं तर सूज आटोक्यात नाही असं समजावं आणि डॉक्टरांना गाठावं.

सूज कमी करणारा पंप वेगळा. तो बहुधा घरी सकाळ-संध्याकाळ घ्यायचा असतो. त्यात स्टिरॉइड असतं, आणि ‘पोराची उंची खुंटेल’ ही भीती इथूनच येते. ही भीती अगदीच निराधार नाही, फक्त तिचं माप चुकलंय. अमेरिकेत मुलांना चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड देऊन, ती मोठी झाल्यावर त्यांची उंची मोजली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार फरक सरासरी १.२ सेंटिमीटरचा होता. त्याच्या समोर काय ठेवायचं? जगातल्या दमा रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंतला आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. औषध वेळेत आणि नियमित न मिळणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. बोटाच्या पेराहूनही कमी उंचीसाठी मी तरी हा सौदा करणार नाही.

‘मशीनची वाफ पंपापेक्षा भारी’ हाही समज पक्का आहे. नेब्युलायझरचा आवाज होतो, वाफ डोळ्यांना दिसते, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक अटॅकमध्ये स्पेसर लावून दिलेला पंप मुलांना तितकाच उपयोगी पडतो. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. औषध त्यात क्षणभर थांबतं आणि मूल सावकाश ओढून घेतं. केप टाउनच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, कड नीट बंद करून केलेला स्पेसर विकतच्याइतकाच चालतो. वाड्या-वस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांनी हे जरूर लक्षात ठेवावं. डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून तो एकदा तपासून घेतला की झालं.

आता कपाट. शिस्त म्हणून अनेक शाळा मुलांची औषधं जमा करून घेतात, कपाटाला कुलूप लावतात आणि किल्ली सरांच्या खिशात राहते. सर पंचायत समितीच्या बैठकीला गेले की पोरगं वर्गात धापा टाकत बसतं. तातडीचा पंप मुलाच्या दप्तरात हवा, त्यावर नाव हवं, आणि तो कसा द्यायचा हे वर्गशिक्षकाला ठाऊक हवं. मुलाला ताठ बसवा, आडवं करू नका. डॉक्टरांनी वेगळं काही लिहून दिलं नसेल तर स्पेसरमधून एका वेळी एक असे चार पफ द्या. प्रत्येक पफनंतर चार श्वास. मग चार मिनिटं थांबा. फरक पडला नाही तर पुन्हा चार, आणि तेव्हाच १०८ ला फोन. मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर फोन आधी. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेनं तर अर्धा तास वाट पाहण्याचा विचारही करू नये.

इथेच एक जीवघेणा गैरसमज आहे. ‘घुरघुर थांबली, आता बरं वाटतंय.’ मूल उत्साहानं बोलत-चालत असेल तर खरंच बरं आहे. पण ते थकून, गळून गेलं असेल आणि छाती गप्प झाली असेल, तर आवाज यावा इतकी हवाही आत जात नाहीये. अशा मुलाला दोन मित्रांसोबत घरी पाठवून देऊ नये.

खेळाच्या तासाला दम्याच्या मुलाला झाडाखाली चपला सांभाळायला बसवतात. हेतू मायेचाच असतो. पण धावपटू पॉला रॅडक्लिफला शाळकरी वयापासून दमा, आणि तिनं २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. दमा आटोक्यात असेल तर कबड्डी, खो-खो सगळं चालतं. आधी हळूहळू अंग गरम करावं आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं आधी पफ घ्यावा.

याउलट, जिथे खरंच जपायला हवं तिथे आपण याच मुलांना पुढे करतो. वर्ग झाडणं, सतरंज्या झटकणं आणि ऑगस्टमध्ये श्रमदान म्हणून गाजर गवत उपटणं. हे गवत १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याच्या परागकणांनी नाक वाहतं, दमा उठतो आणि पानाफुलांच्या स्पर्शानं कातडीवर खाज-पुरळ येतं. फुलावर आलेलं गवत मुलांच्या उघड्या हातांनी उपटून घेणं ही स्वच्छता महागात पडते. ते फुलण्याआधी, मोठ्यांनी, हातमोजे घालून काढावं.

खाण्याबद्दल तर सगळे डॉक्टरच. केळं नको, दही नको, पेरू तर मुळीच नको, आणि हे राहात्यासारख्या पेरूच्या गावात! एखाद्या मुलाला एखादा पदार्थ बाधत असेल तर तो तेवढाच टाळायचा. ‘थंड’ म्हणून सरसकट फळं बंद केल्यानं दमा कमी होत नाही, मूल मात्र अशक्त होतं. कोजागिरीला खिरीतून मिळणारं औषध किंवा मृगात हैदराबादला जाऊन गिळायचा मासा यांनी दमा बरा होतो, याला शास्त्रीय पुरावा नाही. श्रद्धेनं जायचं तर जावं, पण रोजचा पंप बंद करून जाऊ नये.

ॲलर्जीची दुसरी बाजू याहून तातडीची. शेंगदाणे, अंडं, दूध यांपैकी काही खरोखर बाधणाऱ्या मुलाला ‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय’ म्हणून चालत नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना हे नावानिशी माहीत हवं, कारण कुटाची चिमूट त्यांच्याच हातून पडते. अंगावर नुसत्या गांधी उठल्या तर आमसुलाचं पाणी लावून थांबणं एक वेळ ठीक. पण गांधींसोबत ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, उलट्या झाल्या, धाप लागली किंवा चक्कर आली, तर ते पित्त समजू नका. शाळेच्या वडावरचं आग्यामोहोळ उठल्यावरही हेच होऊ शकतं. अशा वेळी सेट्रिझिनच्या गोळीवर विसंबण्यात मोलाची मिनिटं जातात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हवं आणि ते जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवं. तिथवर मुलाला चालवत नेऊ नका. झोपवून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसू द्या.

ऊसतोडीची मुलं या सगळ्यातून निसटतात. पाथर्डी-शेवगावची कुटुंबं कोयता घेऊन निघाली की केसपेपर गावी राहतो, पंप संपतो आणि कोपीत चुलीचा धूर असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळांत मुलं तपासतं आणि त्याच्या ठरलेल्या आजारांच्या यादीत वारंवार धाप लागण्याचा आजारही आहे. पण पथक गावच्या शाळेत येईल तेव्हा मूल फडात असू शकतं. स्थलांतराचा दाखला देतानाच शिक्षकांनी मुलाचा आजार, औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून आईच्या हाती द्यावी, आणि पंपात किती पफ उरलेत ते निघण्यापूर्वी बघावं.