पडीक जमीन की माळरान?

जमिनीला आपण जे नाव देतो, त्यावरून तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी घडते. मुळशी तालुक्याचे उदाहरण घेऊ. १९२१ मध्ये येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्याचे नेते पां. म. बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली, शेतकऱ्यांची गावे पाण्याखाली गेली. आज याच तालुक्यातील हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे आणि चांदे-नांदेसारखी गावे शहराच्या वाढीच्या वाटेवर आहेत. तेव्हा प्रश्न शेताचा होता. आता माळाचाही आहे.

‘पडीक’ जागेवर इमारत उभी राहिली, तर कोणाचे काही गेले असे वाटत नाही, कारण हा शब्द जमिनीला केवळ पिकाच्या मापाने मोजतो. ‘माळरान’ म्हणताच गवत, पाखरे, गुरे डोळ्यांपुढे येतात. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. ती उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून जाणारी ठिपकेदार अंडी घालते. आपल्याला रिकामी दिसणारी जागा तिचे घर असते.

स्वाध्याय : माळ, टेकाड, ओहोळ, खाचर यांसारखे जमिनीचे शब्द आपल्या गावातील वडीलधाऱ्यांकडून मिळवा. प्रत्येक शब्दापुढे तेथे आढळणारे प्राणी-पक्षी लिहा.