किल्लारीची नवी घरे आणि गोदाकाठची जुनी माळवदे

२९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. दशलक्षण पर्वाची त्या दिवशी सांगता झाली होती. मराठवाड्यातील दिगंबर जैन घरांतून उपवासाची माणसे रात्री लवकर निजली होती. सकाळी जिनदर्शन करून पारणे करायचे होते. गावागावांतले गणपतीही त्याच संध्याकाळी विसर्जित झाले होते. मिरवणुकीतून दमून आलेली मुले, त्यांची वाट पाहून थकलेले वडीलधारे, गोठ्यातली जनावरे, सारेच गाढ झोपेत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले किल्लारी आणि त्याच्या परिसरातील गावे एका मिनिटाच्याही आत दगडमातीचे ढीग झाली. सरकारी नोंदीप्रमाणे मृतांची संख्या ७,९२८ आहे. जखमी १६ हजारांच्या घरात होते आणि मुकी जनावरे पंधरा हजारांवर दगावली. पारण्याची ती सकाळ पुढे कित्येक घरांना प्रेतांच्या शोधात घालवावी लागली.

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले शहागड किल्लारीपासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई, पुणे, हैदराबादपर्यंत जाणवलेला तो धक्का गोदाकाठच्या या गावालाही चुकला नव्हता. उत्तरेकडून बीड, उस्मानाबाद, सोलापूरकडे जाणारा हमरस्ता शहागडलाच गोदावरी ओलांडतो. अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड. तेव्हाच्या औरंगाबादकडून किंवा खानदेशातून धान्य, कपडे, औषधे घेऊन दक्षिणेकडे निघणाऱ्याची सरळ वाट या पुलावरूनच जाते. पण शहागडसारख्या गावांचा आणि किल्लारीचा खरा संबंध रस्त्याचा नाही, घराचा आहे. ज्या रीतीने किल्लारीची घरे बांधली होती, त्याच रीतीची घरे मराठवाड्याच्या जुन्या गावठाणांत सर्वत्र होती, आणि त्यांतली बरीच अजून उभी आहेत.

हे घर कसे असते ते गोदाकाठच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण पुण्या-मुंबईत वाढलेल्या पिढीसाठी थोडे सांगायला हवे. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, त्यांत चुन्याऐवजी मातीचा गिलावा. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा किलच्या, आणि त्या सर्वांवर मातीचा जाड थर. हेच माळवद, कुठे त्याला धाबे म्हणतात. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, हिवाळ्यात ऊब. माळवदावर डाळी वाळतात, पापड वाळतात, रात्री माणसे झोपतात. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी गावठाणातली पांढरी माती आणून वर पसरायची, चोपायची. दरवर्षी थोडी माती नवी पडे. जुनी कोणी काढत नसे. आजोबांच्या काळी अर्धा फूट असलेला थर नातवाच्या काळी दोन फूट झालेला असे.

दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे साधारण दहा टन वजन. त्या काळचा भरलेला मालट्रक तेवढाच भरे. माणसे वर्षानुवर्षे एक ट्रक डोक्यावर घेऊन झोपत होती आणि त्यालाच घराची मजबुती समजत होती.

भिंतीची गोष्टही तशीच फसवी. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन भिंती असत. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये बारीक दगड व माती यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नसे, कारण तेवढा लांब दगड घडविणे महाग आणि वेळखाऊ. धक्का बसताच आतला थर आत, बाहेरचा बाहेर कोसळला. छताला आधार उरला नाही तिथे दहा टन माती खाली आली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया मात्र ताठ उभ्या राहिल्या होत्या. ज्या घरांत हा सांगाडा नीट सांधलेला होता आणि माती बेताची होती, तेथील माणसे वाचली. पुढे लोकांनी दगडालाच वैरी मानले आणि सिमेंटच्या स्लॅबशिवाय दुसरे काही नको म्हणाले. ते समजण्याजोगे असले तरी न्यायाचे नव्हते. दोष दगडाचा नव्हता, दगड रचण्याच्या रीतीचा होता.

भूकंपाची पूर्वसूचनाच नव्हती, असेही म्हणता येत नाही. १९९२ सालच्या ऑगस्टपासून किल्लारीला लहान धक्के बसत होते. १८ ऑक्टोबरला तर चांगला जाणवण्याजोगा बसला. लोक घराबाहेर झोपू लागले, गाव हलविण्याची मागणीही झाली. मग धक्के थांबले आणि माणसे पुन्हा माळवदाखाली परतली. तेव्हाच्या भूकंप-नकाशावर हा भाग सर्वांत निर्धोक गणला जात होता. महाराष्ट्राला भूकंप म्हटला की १९६७ चा कोयनेचा आठवे. दख्खनचे कातळी पठार हलेल ही कल्पना कोणाच्या मनात नव्हती. २००२ साली भारतीय मानकात ते पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि लातूरचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला.

पुनर्वसनाचे काम जितके मोठे, तितकेच ते गुंतागुंतीचे होते. शरद पवार मुख्यमंत्री होते, प्रवीणसिंह परदेशी लातूरचे जिल्हाधिकारी होते. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य शासनाने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम आखला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवायची, २२ गावांत त्याच जागी घरे पुन्हा उभारायची, आणि १३ जिल्ह्यांतल्या सुमारे अडीच हजार गावांत तडे गेलेली घरे दुरुस्त करून बळकट करायची, असे त्याचे तीन भाग होते. पहिल्या भागात सुमारे २७ हजार घरे झाली, तिसऱ्यात पावणेदोन लाखांहून अधिक. देशातल्या अनेक संस्थांनी एकेक गाव दत्तक घेतले. बाणेगावला केरळच्या 'मलयाळ मनोरमा' दैनिकाने लॉरी बेकर यांच्या मार्गदर्शनाखाली घरे बांधून दिली. दूरच्या वाचकांच्या वर्गणीतून मराठवाड्यात गाव उभे राहावे, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

नव्या घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५०. संकट सर्वांवर सारखे आले होते. घर मात्र सात-बारा पाहून मिळाले. शासनाची बाजू अशी की मोठ्या शेतकऱ्याला धान्य आणि अवजारे ठेवायला जागा लागते, आणि २५० फूट पक्के घर भूमिहीनाला पूर्वी कधी मिळालेच नव्हते. दोन्ही म्हणणी खरी आहेत. तरीही ज्या मजुराचे अख्खे कुटुंब गेले, त्याच्या पदरी सर्वांत लहान घर पडावे, हे मनाला सहज पटत नाही.

घरे मिळेपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. मराठवाड्याचा एप्रिल-मे पत्र्याखाली काढणे म्हणजे काय, हे ज्याने काढले त्यालाच ठाऊक. नवी गावे आखली गेली तीही शहरातल्या वसाहतीसारखी: सरळ रुंद रस्ते, ओळीने घरे, चहूबाजूंनी मोकळी जागा. पडणाऱ्या भिंतीपासून माणूस दूर राहावा, हा हेतू योग्यच होता. पण त्यामुळे गावे जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरली. पूर्वी बाईमाणूस ओसरीवर बसून बोळापलीकडच्या जावेशी बोलत असे. आता मध्ये चाळीस पावलांचा उन्हाचा रस्ता आला. नव्या घराला न्हाणीघर होते, पण चूल कुठे पेटवायची आणि सरपण कुठे रचायचे याचा विचार झाला नव्हता. न्हाणीघरांत पुढे धान्याची पोती दिसू लागली. गोठ्याला तर जागाच नव्हती. जीवदयेचा संस्कार असलेल्या वाचकाला हे अधिक खटकेल: वाचलेली जनावरे अंगणात, रस्त्याकडेला बांधली गेली आणि मग घराघरापुढे लोकांनी स्वतःच पत्र्याचे छप्पर टाकले. ज्या गावांत आराखड्यापूर्वी लोकांना विचारले गेले तिथे घरे लवकर नांदती झाली. जिथे विचारले नाही तिथे ती लोकांनी पुढची कित्येक वर्षे आपल्या हातांनी बदलली.

दुरुस्तीच्या तिसऱ्या भागाची कथा कमी सांगितली जाते. नव्या गावांच्या उद्घाटनांना छायाचित्रकार येत. जुन्या भिंतीत आरपार दगड बसविणाऱ्या गवंड्याचे छायाचित्र कोण काढणार? येथे शासन घर बांधून देत नव्हते. नुकसानीच्या मानाने १७ हजार किंवा ३४ हजार रुपये मंजूर होत, काम पुढे सरके तसे हप्त्यांनी मिळत, आणि काम घरमालकानेच करून घ्यायचे. अडचण अशी की लोकांना पैसा नव्या खोलीसाठी हवा होता. जुनी भिंत बळकट करण्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. मग 'स्वयं शिक्षण प्रयोग' या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेकडे लोकसहभागाचे काम सोपविण्यात आले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमले गेले. आदल्या पिढीपर्यंत डोक्यावरचा पदर न ढळू देता गावच्या चावडीपुढून खाली मान घालून जाणाऱ्या स्त्रिया आता अभियंत्याला विचारू लागल्या की पट्ट्यातली सळई किती जाडीची आहे, वाळू धुतलेली आहे का, हप्ता कशामुळे अडला आहे. सिमेंटच्या कामावर पाणी मारायचे ते त्यांनीच मारले. त्या दुष्काळी मुलखात ते पाणी डोक्यावरून आणावे लागे. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच स्त्रियांपैकी काही जणी तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या.

जैन समाजाच्या दृष्टीने किल्लारीचे नाव आणखी एका कार्याशी जोडलेले आहे. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणले. प्रथम पिंपरीत आणि मग वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्पात त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. त्या मुलांत जैन किती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. साधर्मिक वात्सल्याची मर्यादा आपल्याच पंथापाशी संपते असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. एक-दोन महिने जेवू घालणे सोपे असते. एका मुलाला शाळेपासून नोकरीपर्यंत नेणे हे दहा-बारा वर्षांचे व्रत आहे. ते पार पडले. पुढे त्याच वाघोलीच्या आवारात मेळघाटची आदिवासी मुले आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले शिकली, आणि कच्छच्या भूकंपानंतर संघटनेने ३६८ शाळांच्या इमारती उभारल्या. घर उभारणे म्हणजे चार भिंती उभारणे नव्हे, हे आपण नेहमी म्हणतो. येथे घर गमावलेल्या मुलांसाठी भिंतींआधी माणसे उभी राहिली.

आता पुन्हा शहागडकडे. गोदाकाठी नवी घरे विटांची आणि स्लॅबची होत आहेत. पण गावठाणातली जुनी माळवदे पूर्ण गेलेली नाहीत. बहुधा तिथे घरातली वृद्ध माणसे राहतात, मुले शहरात असतात. ती घरे पाडायला हवीत असे नाही. किल्लारीनंतर अभियंत्यांनी जे सांगितले ते कोणत्याही गावच्या गवंड्याला जमण्याजोगे आहे. पहिले काम फावड्याचे: माळवदावरची जादा माती उतरवायची, पातळ थर ठेवायचा, आणि गळतीसाठी वर नवी माती टाकण्याऐवजी खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरायचा. दुसरे, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरप्या लाकडी किंवा लोखंडी आधाराने जखडायचे. तिसरे, भिंतीतून अलगद दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकविलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. म्हणजे सुटे दोन थर एकमेकांना धरून राहतात. नवी दगडी भिंत बांधायची असेल तर ती दीड फुटाहून जाड नको, दर दोन फूट उंचीवर आणि चार फुटांच्या आत आरपार दगड हवा, आणि दारे-खिडक्यांच्या वरून घराला कमरपट्ट्यासारखा सळईचा काँक्रीट पट्टा चहूबाजूंनी अखंड फिरायला हवा.

माती उतरविण्याचे काम उन्हाळ्यातच करावे लागते, पाऊस सुरू होण्याआधी. ती टाकायची कुठे, हा प्रश्न गावठाणात नेहमीचाच असतो. पण ही माती वर्षानुवर्षांची मुरलेली, शेताला चांगली. गाडीभर माती बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून बांधावर नेता येते. एका खोलीला चार मजूर दोन-तीन दिवसांत हात घालून मोकळे होतात. म्हाताऱ्या आईवडिलांना सणाला भेटायला येणाऱ्या मुलांनी एक वेळ शिडी लावून माळवदावर चढावे आणि पहारीने तो थर किती खोल आहे ते पाहावे.