आखातातून फोन लागत नाही तेव्हा

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला आम्ही निबंधासाठी ‘माझे बाबा’ हा नेहमीचाच विषय दिला होता. कोकणातल्या आमच्या शाळेत बऱ्याच मुलांचे वडील आखातात असतात. त्यामुळे विमान, चॉकलेट, खजूर आणि दोरीने बांधलेले खोके हे सगळ्यांच्याच निबंधात येते. एका मुलीने मात्र चारच ओळी लिहिल्या. ‘माझे बाबा दुबईला आहेत. आमचे नेट चांगले आहे. बाबांचे नेटपण चांगले आहे. पण फोन लागत नाही म्हणून दादी म्हणते, बाबा बदलले.’

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तरीही वही हातातून खाली ठेवता आली नाही. कारण दादीचे हे वाक्य काही वर्षांपूर्वी आमच्याच घरात बोलले गेले होते.

२०१८च्या हिवाळ्यात आमच्या अम्मा अंथरुणाला खिळल्या. धाकटे भाऊ शारजात नोकरीला. रोज व्हॉट्सॲपवर त्यांचा संदेश येई, फोटो येई. पण व्हिडिओ कॉल लावला की नुसते ‘जोडत आहे, जोडत आहे’. शेजारणीचा मुलगा कुवेतला, त्याचा चेहरा रोज संध्याकाळी तिच्या मोबाईलवर दिसायचा. अम्मा विचारायच्या, ‘तिच्या मुलाला वेळ आहे, माझ्याला नाही का?’ आम्हीही भावावर चिडलो. गावातल्या एका मुलाने सांगितले होते, ‘व्हीपीएन टाका, लगेच लागेल.’ ते आम्ही भावाला कळवले. त्यांनी उत्तर दिले, ‘आपा, ते माझ्याने होणार नाही.’ त्यावर आम्ही जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. आईपेक्षा नोकरी मोठी झाली, असा त्याचा अर्थ होता.

चूक आमची होती. ती का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

कॉल का अडतो?

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबी वगैरे सात अमिरातींत, व्हॉट्सॲपवर लिहिलेला संदेश जातो, फोटो जातो, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. अडवला जातो तो फक्त थेट कॉल, मग तो आवाजाचा असो वा व्हिडिओचा. तिथल्या नियमानुसार इंटरनेटवरून कॉलची सेवा देण्यासाठी परवाना लागतो आणि दूरसंचार नियामक संस्था परवाना नसलेल्या ॲपचे कॉल बंद ठेवते. नियमाचे कारण म्हणून परवाना आणि सुरक्षितता यांचा उल्लेख होतो. पण परदेशी कॉलमधून दूरसंचार कंपन्यांना मिळणारे उत्पन्न हेही कारण आहे, असे अनेक जाणकार मानतात. ज्या देशात बहुसंख्य लोक परदेशातून आलेले कामगार आणि नोकरदार आहेत, तिथे घरी केलेला फोन हा मोठाच व्यवहार असतो.

सगळ्या आखातात एकच नियम आहे असे मात्र नाही. कुवेत आणि बहरीनमधून कॉल लागतात. सौदी अरबने सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची सरसकट बंदी उठवली आणि अनेक ॲपवरचे कॉल सुरू झाले. ओमान आणि कतारमधून व्हॉट्सॲप कॉलची अडचण अनेकांनी अनुभवली आहे. म्हणून शेजारणीच्या कुवेतच्या मुलाशी आपल्या दुबईच्या मुलाची तुलना करणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

आणखी एक गोंधळ होतो. आठ दिवस दुबई फिरून आलेले पाहुणे म्हणतात, ‘आमचा कॉल तर लागत होता!’ भारतीय सिम रोमिंगवर असले की इंटरनेट आपल्याकडच्या कंपनीमार्फत जाते, म्हणून कधी कधी कॉल लागतो. तिथे राहणाऱ्या माणसाकडे तिथले सिम असते, त्याचा लागत नाही.

चोरवाटेची किंमत

व्हीपीएन म्हणजे आपण कुठल्या देशातून इंटरनेट वापरतो ते लपवणारी सोय. कंपन्या आणि बँका आपल्या कामासाठी ती अमिरातीतही वापरतात, त्यात गुन्हा नाही. पण गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी इंटरनेटचा खोटा पत्ता वापरला, तर कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहॅम दंड, किंवा दोन्ही, अशी तिथल्या कायद्यात तरतूद आहे. २०१६ मध्ये कायदा दुरुस्त करून ती कडक करण्यात आली आणि २ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या सायबर कायद्यातही ती कायम आहे. आपल्या पैशात कमीत कमी दंडच एक कोटी रुपयांच्या वर जातो.

घरी फोन केला म्हणून प्रत्येकाला एवढा दंड होतो असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ लोक ही वाट वापरतात हेही खरे. पण बंद असलेली सेवा आडमार्गाने वापरणे तिथल्या नियमात बसत नाही आणि धोका पत्करायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे. ज्याचा व्हिसा, ज्याची नोकरी आणि ज्याच्या पगारावर गावचे घर, त्याला आपण इथे झोपाळ्यावर बसून ‘टाक ना, काय होतंय!’ म्हणणे योग्य नाही. आमच्या भावाने हे ओळखले होते. बीएड झालेल्या त्यांच्या आपाने ओळखले नव्हते.

सरळ वाट

शेवटी मार्ग त्यांनीच काढला. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या दूरसंचार कंपन्यांनी इंटरनेट कॉलचे मासिक पॅकेज सुरू केले होते. बोटीम आणि सी-मी ही परवानगी असलेली ॲप त्यावर चालत. मोबाईलसाठी महिन्याला ५० दिरहॅम, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेआठशे रुपयांहून जास्त. आठ जणांच्या खोलीत एका खाटेपुरत्या जागेचे भाडे भरणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. त्यांनी ती भरली. पण ॲप दोन्हीकडे लागते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आम्ही ते आमच्या मोबाईलवर घेतले आणि एका शुक्रवारी, जुम्याची नमाज पढून आल्यावर, भावाचा चेहरा अम्मांना दिसला. अम्मा काही बोलल्या नाहीत. मोबाईलच्या काचेवरून हात फिरवत राहिल्या. फेब्रुवारीत त्यांचा इंतकाल झाला. भावाला जनाज्याला पोहोचता आले नाही. पण त्याआधीचे नऊ शुक्रवार त्या दोघांना मिळाले होते. आम्ही भांडणात घालवलेले आठवडे धरले असते, तर ते पंधरा झाले असते.

आता सोयी वाढल्या आहेत. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा आणि कचेऱ्या घरून चालवायची वेळ आली, तेव्हा अमिरातीने झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारख्या ॲपना मुभा दिली. पॅकेज, दर आणि परवानगीची यादी मात्र बदलत असते. म्हणून जाणाऱ्याने तिथे सिम घेतानाच विचारावे, ‘घरी व्हिडिओ कॉल करायला चालणारे ॲप कोणते?’ आणि इथल्यांनी तेच ॲप आपल्या मोबाईलवर घेऊन, तो विमानात बसण्याआधीच ते वापरायला शिकावे. घरातल्या वृद्धांना दोनदा करून दाखवावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

फुकटचे प्रत्येक ॲप मात्र चांगलेच असते असे नाही. ‘टूटॉक’ नावाचे ॲप २०१९ मध्ये अमिरातीत घरोघर पोहोचले, कारण त्यावर फुकट व्हिडिओ कॉल लागत. त्याच वर्षी डिसेंबरात ते हेरगिरीसाठी वापरले जात असल्याचे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सने दिले आणि गूगल व ॲपल यांनी ते आपल्या दुकानातून काढून टाकले. चालवणाऱ्यांनी आरोप नाकारला. यातून आपण एवढेच घ्यावे की, बँकेचा पिन, पासपोर्टचा फोटो आणि घरातल्या खाजगी गोष्टी कुठल्याही ॲपवर सहज बोलू-पाठवू नयेत.

आपण पाठवलेला संदेश

कॉल न लागण्यापेक्षाही मोठा धोका आपल्या बोटांत आहे, तो म्हणजे फॉरवर्ड. अमिरातीच्या कायद्यात अफवा पसरवणे, शिवीगाळ करणे, परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून पसरवणे हे गुन्हे आहेत आणि परवान्याशिवाय वर्गणी किंवा मदतनिधी मागणेही. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर पाठवले जाऊ शकते. आपण इथून गावच्या ग्रुपवर ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ म्हणून कुठला तरी व्हिडिओ किंवा मदतीचे आवाहन टाकतो. तिकडचा भाऊ, जावई, भाचा आपल्यावर विश्वास ठेवून तो पुढे ढकलतो. आपल्यासाठी ते एक बोट दाबणे असते, त्याच्यासाठी ते पोलीस ठाणे होऊ शकते. बातमी आली तर आधी शहानिशा करा, ही ताकीद तर सूरह हुजुरातमध्येच आहे. त्यासाठी कुठल्या सायबर कायद्याची वाट पाहायला नको होती.

बंदी फक्त तिकडेच असते असेही नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावानंतर इंटरनेट बंद करण्यात आले होते. अशा वेळी परदेशातला माणूस हातात चालू मोबाईल घेऊन घरच्यांच्या नावापुढची एकच टिक पाहत बसतो. म्हणून नेटशिवाय लागणारा साधा फोन नंबर, आपला आणि एका शेजाऱ्याचा, त्याच्याकडे कागदावर लिहिलेला असू द्या.

घड्याळ आणि आवाज

दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे, सौदी, कुवेत आणि कतारचे अडीच तासांनी. आपण इशा पढून निवांत होतो तेव्हा तिकडचा माणूस कामावरून परतत असतो, भाजी चिरायची आज त्याची पाळी असते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात अमिरातीत दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम बंद ठेवण्याचा नियम आहे. बाहेर काम करणाऱ्याला तेव्हा घटकाभर पाठ टेकायला मिळते. जानेवारी २०२२ पासून तिथल्या बहुतेक सरकारी कचेऱ्यांची सुट्टी शनिवार-रविवार झाली, शुक्रवारी अर्धा दिवस काम. अनेक खाजगी ठिकाणी एकच दिवस मोकळा असतो. तो दिवस कोणता, हे विचारून ठेवा. खोलीत सात जण ऐकत असतात, म्हणून तो बायकोशी बोलायला जिन्यात जाऊन उभा राहतो. त्याला लगेच ‘तोडकं का बोलता?’ विचारू नका.

आमच्या लहानपणी आखातातून कॅसेट यायची. येणाऱ्या माणसाच्या बॅगेतून महिन्या-दोन महिन्यांनी येई. सारे घर टेपरेकॉर्डरभोवती बसे आणि उत्तराची कॅसेट भरताना आजी बकरी व्यायल्याचेही सांगे. पुढे एसटीडी-आयएसडीचे बूथ आले, मीटरकडे बघत बोलायचे. त्या मानाने आजचा व्हॉइस नोट केवढी नेमत! तो कॉलवरच्या बंदीत अडकत नाही, वेळेचा फरक त्याला नाही, कामावरून आल्यावर माणूस तो तीनदा ऐकू शकतो. फक्त त्यात ‘पैसे कधी पाठवताय’ एवढेच भरू नका. मुलाची कविता, अंगणात पडलेला पाऊस, अजानचा आवाज, आज केलेल्या सांदणांची गोष्टही पाठवा.

त्या मुलीच्या दादींना आम्ही पालकसभेला बोलावून घेतले. व्हॉट्सॲपवर तिकडे काय चालते, काय चालत नाही ते सांगितले. मुलीच्या आईच्या मोबाईलवर दुसरे ॲप घेतले, बाबांना तसे कळवले. त्यांची सुट्टी रविवारी. पुढच्या सोमवारी मुलीने आपणहून वही आणून दाखवली. जुन्या निबंधाखाली तिने पाचवी ओळ लिहिली होती, ‘बाबा बदलले नाहीत, त्यांचे केस थोडे पांढरे झाले.’

घरापासून दूर कष्ट करणाऱ्या सर्वांना अल्लाह सलामत ठेवो आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांना सबर व समज देवो. आमीन.