विश्लेषण : शांतिदूत नॉर्वेने नीतिनियम बाजूला का ठेवले?

जगातील सर्वांत मोठा सरकारी गुंतवणूक निधी नॉर्वेकडे आहे. मानवी हक्कांची पायमल्ली करणाऱ्या कंपन्यांतून पैसा काढून घेणारा निधी, अशी त्याची ख्याती. मात्र नोव्हेंबर २०२५मध्ये नॉर्वेच्या संसदेने या निधीचे नैतिक नियम फेरआढाव्यासाठी घेतले आणि तोपर्यंत नव्या कंपन्यांना वगळण्याची प्रक्रिया थांबवली. पॅलेस्टाइनपासून श्रीलंका, कोलंबियापर्यंत मध्यस्थी करणाऱ्या आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास एक टक्का परदेशी मदतीवर खर्च करणाऱ्या देशावर ही वेळ का आली?

नेमके काय घडले?

नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ५६ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण १९६९मध्ये उत्तर समुद्रात तेल सापडले आणि या देशाचे नशीब पालटले. तेलाचा पैसा उधळला जाऊ नये म्हणून १९९०मध्ये कायदा करून निधी उभारण्यात आला. आज त्यात २० लाख कोटी क्रोनरहून अधिक रक्कम आहे आणि जगातील शेअर बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांचा सरासरी दीड टक्का हिस्सा या निधीच्या मालकीचा आहे.

कोणत्या कंपन्यांत हा पैसा असू नये, याचा सल्ला देण्यासाठी २००४मध्ये स्वतंत्र नीती परिषद नेमण्यात आली. तंबाखू, अण्वस्त्रे, नंतर कोळसा, शिवाय युद्धात किंवा ताब्यातील प्रदेशात हक्कभंगाला हातभार लावणाऱ्या कंपन्या असे निकष ठरले. परिषद शिफारस करते, अंतिम निर्णय मध्यवर्ती बँक घेते.

ऑगस्ट २०२५मध्ये ‘आफ्टेनपोस्टेन’ या दैनिकाने एक बातमी दिली. इस्रायली लढाऊ विमानांच्या इंजिनांची देखभाल करणाऱ्या कंपनीत निधीचा हिस्सा आहे आणि तो गाझा युद्ध सुरू असताना वाढला, असे त्यातून उघड झाले. संसदेची निवडणूक महिन्याभरावर होती. निधीने घाईने अनेक इस्रायली कंपन्यांतील हिस्सा विकला. त्यानंतर पाच इस्रायली बँका आणि कॅटरपिलर ही अमेरिकी कंपनी वगळली. कॅटरपिलरचे बुलडोझर पॅलेस्टिनी मालमत्ता पाडण्यासाठी वापरले जातात, हे कारण होते.

वॉशिंग्टनमध्ये त्याची प्रतिक्रिया उमटली. अमेरिकी परराष्ट्र खात्याने नाराजी कळवली. एका रिपब्लिकन सेनेटरने तर आयातशुल्क आणि व्हिसाबंदीची भाषा केली. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. इस्रायल सरकारला क्लाऊड सेवा देणाऱ्या बड्या अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांनाही हाच निकष लावायचा का? निधीच्या शेअर गुंतवणुकीचा मोठा वाटा याच कंपन्यांत आहे. त्या विकाव्या लागल्या तर हा निधी जगभर विखुरलेल्या गुंतवणुकीचा निधी राहणार नाही, असा अर्थमंत्री आणि ‘नाटो’चे माजी सरचिटणीस येन्स स्टोल्टनबर्ग यांचा युक्तिवाद होता. संसदेतील बहुमताने तो मान्य केला.

बुलडोझर विकणाऱ्या कंपनीपर्यंत तत्त्व परवडले, त्यापुढे परवडेना. नॉर्वेच्या परराष्ट्र धोरणात हा पेच नवा नाही.

मध्यस्थ म्हणून नॉर्वेच का?

नॉर्वेकडे वसाहती नव्हत्या. उलट १८१४पर्यंत तो डेन्मार्कच्या आणि नंतर १९०५पर्यंत स्वीडनच्या राजाखाली होता. तो ‘नाटो’चा संस्थापक सदस्य आहे, पण युरोपीय संघात जाण्याचा प्रस्ताव तेथील मतदारांनी १९७२ आणि १९९४ असा दोनदा फेटाळला. त्यामुळे अमेरिकेशी जवळीक आहे, पण २७ देशांची संमती मिळवत बसावे लागत नाही. परराष्ट्र खाते, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन संस्था यांच्यात माणसांची ये-जा असते, सरकारचा पैसा या संस्थांना मिळतो. सत्ताबदल झाला तरी ही घडी फारशी बदलत नाही, हे विशेष.

ऑस्लो करार याच घडीतून जन्मला. जानेवारी १९९३मध्ये सार्प्सबोर्ग शहराजवळच्या एका जुन्या हवेलीत दोन इस्रायली प्राध्यापक आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे अहमद कुरेई यांची गुप्त भेट झाली. बाहेर सांगण्यासाठी कारण होते पॅलेस्टिनींच्या राहणीमानाच्या अभ्यासाचे. हा अभ्यास ‘फाफो’ या संशोधन संस्थेचा. तिचे प्रमुख तेर्ये रोड-लार्सन, त्यांची पत्नी मोना यूल परराष्ट्र खात्यात. त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री झालेले योहान यॉर्गन होल्स्ट, त्यांची पत्नी मारियाने हायबर्ग ‘फाफो’त संशोधक. म्हणजे एका ऐतिहासिक वाटाघाटीचा निम्मा कारभार दोन घरांतून चालला होता! दोन्ही बाजूंनी एका छताखाली राहायचे, एका टेबलावर जेवायचे आणि चर्चेच्या खोलीत नॉर्वेच्या माणसांनी शक्यतो बसायचे नाही, अशी पद्धत होती. १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर यित्झाक राबिन आणि यासर अराफात यांनी हस्तांदोलन केले.

पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. वस्त्या वाढत गेल्या, पॅलेस्टिनी राज्य आले नाही. हिल्डे हेन्रिक्सन वोगे या नॉर्वेच्याच इतिहासकाराने या मध्यस्थीची चिरफाड केली. दुबळ्या मध्यस्थाला बलवान पक्षाच्या मर्जीनेच चालावे लागते आणि ऑस्लोत ती मर्जी इस्रायलची होती, असे त्यांचे म्हणणे. या वाटाघाटींची काही कागदपत्रे परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडतच नाहीत, हेही त्यांनी दाखवून दिले.

करारानंतर पॅलेस्टाइनला मदत करणाऱ्या देशांच्या समन्वय समितीचे अध्यक्षपद नॉर्वेकडे आले. वाटाघाटींतूनच पॅलेस्टिनी राज्य येईल, ही त्याची भूमिका तीस वर्षे कायम होती. ती २८ मे २०२४ रोजी सुटली. आयर्लंड आणि स्पेनसह नॉर्वेने पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यता दिली. इस्रायलने काही महिन्यांतच पॅलेस्टिनी प्राधिकरणासाठी काम करणाऱ्या आठ नॉर्वेजियन मुत्सद्द्यांचा दर्जा काढून घेतला.

श्रीलंकेत अपयश का आले?

भारताच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण श्रीलंकेचे. भारतीय शांतिसेनेचा कटू अनुभव आणि १९९१मधील राजीव गांधी यांची हत्या यानंतर दिल्लीने या प्रश्नात थेट उतरणे शक्य नव्हते. त्या पोकळीत नॉर्वे आला. सरकार आणि तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यात २२ फेब्रुवारी २००२ रोजी शस्त्रसंधी झाली. एरिक सुलहेम आणि विदार हेलगेसन हे नॉर्वेचे चेहरे होते आणि त्यांच्या दिल्लीवाऱ्याही सुरू होत्या. डिसेंबर २००२मध्ये ऑस्लोतील फेरीत संघराज्याच्या चौकटीत तोडगा शोधण्याची तयारी दोन्ही बाजूंनी दाखवली. तो या प्रक्रियेचा सर्वोच्च बिंदू ठरला.

एप्रिल २००३मध्ये वाघांनी चर्चेतून अंग काढले. शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायला नॉर्डिक देशांचे निरीक्षक होते, पण त्यांच्याकडे बंदुका नव्हत्या आणि शिक्षेचा अधिकारही नव्हता. उल्लंघनांची नोंद ठेवणे एवढेच त्यांच्या हाती. मे २००६मध्ये युरोपीय संघाने एलटीटीईला दहशतवादी ठरवले, तेव्हा संघाच्या सदस्य देशांचे निरीक्षक नकोत अशी अट वाघांनी घातली. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्कची माणसे गेली आणि उरले नॉर्वे व आइसलँड. जानेवारी २००८मध्ये कोलंबोने शस्त्रसंधी अधिकृतपणे मोडली. मे २००९मध्ये युद्ध संपले. अखेरच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे मांडला.

सिंहली राष्ट्रवाद्यांनी नॉर्वेला वाघांचा पाठीराखा ठरवले होते, तर अनेक तमिळांना तो ऐनवेळी हतबल ठरलेला साक्षीदार वाटला. दोन्ही रागांना आधार होता. एक गोष्ट मात्र नॉर्वेच्या खात्यावर जमा करायला हवी. आपल्या अपयशाचे स्वतंत्र मूल्यमापन त्याने स्वतःच करवून घेतले आणि २०११मध्ये ते जाहीर केले. मोठ्या देशांना हे सहसा जमत नाही.

यशही आहे. कोलंबियात क्यूबाच्या साथीने नॉर्वे हमीदार देश होता आणि २०१६मध्ये सरकार व ‘फार्क’ बंडखोरांत करार झाला. तेथे दोन्ही बाजू लढून थकल्या होत्या, श्रीलंकेत एका बाजूला विजय दिसू लागला होता.

चीनने काय धडा दिला?

२०१०मध्ये तुरुंगातील चिनी लेखक लिऊ शिआओबो यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले. निवड समिती सरकारच्या आदेशाखाली नसते. पण तिचे पाचही सदस्य संसद नेमते, त्यामुळे बीजिंगला हा फरक पटण्याजोगा नव्हता. मुक्त व्यापाराची चर्चा थांबली, मंत्र्यांच्या भेटी बंद झाल्या, नॉर्वेच्या सॅमन माशाची चीनच्या बंदरांत कडक तपासणी सुरू झाली.

मे २०१४मध्ये दलाई लामा ऑस्लोत आले, तेव्हा सरकारमधील कोणीही त्यांना भेटले नाही. हेच दलाई लामा १९८९चे नोबेल घ्यायला याच शहरात आले होते. डिसेंबर २०१६मध्ये संबंध पूर्ववत झाले. त्या वेळच्या संयुक्त निवेदनात चीनच्या गाभ्याच्या हितसंबंधांना बाधा येईल अशा कृतीला साथ देणार नाही, अशी ग्वाही नॉर्वेने दिली.

मदतीचा पैसा कुठून येतो?

श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकासमदतीला द्यावी, हे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट १९७०पासूनचे. बहुतेक देश ते पाळत नाहीत. नॉर्वे एक टक्क्याच्या आसपास असतो. अमेरिकेने २०२५मध्ये आपली मदत यंत्रणा मोडीत काढल्यानंतर या पैशाचे वजन आणखी वाढले.

पण पैसा तेल आणि वायूचा आहे. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर युरोपात वायूचे भाव भडकले आणि रशियाची जागा घेत नॉर्वे सर्वांत मोठा पुरवठादार झाला. युरोपीय संघाच्या वायू आयातीपैकी सुमारे ३० टक्के आता तेथूनच येते. युद्धात नफा कमावणारा देश, अशी बोचरी टीका पोलंडसारख्या मित्रदेशांतून झाली. त्यानंतर २०२३मध्ये युक्रेनसाठी पाच वर्षांत ७,५०० कोटी क्रोनरची योजना आली आणि ती रक्कम पुढे अनेक पटींनी वाढवावी लागली. योजनेला नाव दिले फ्रिट्यॉफ नान्सेन यांचे. पहिल्या महायुद्धानंतर देश गमावलेल्या निर्वासितांना ओळखपत्रे मिळवून देणारे आणि १९२२चे शांतता नोबेल मिळवणारे हेच ते ध्रुवसंशोधक.

शांततेचा पुरस्कार देणाऱ्या या देशाच्या विमानांनी २०११मध्ये लिबियावर ५८८ बॉम्ब टाकले, हेही विसरून चालणार नाही. आणि घरातील मानवी हक्कांचे काय? फोसेन येथील पवनचक्क्यांमुळे रेनडिअर पाळणाऱ्या सामी आदिवासींच्या हक्कांचा भंग होतो, असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये दिला. पवनचक्क्या फिरतच राहिल्या. दीड वर्षाने तरुणांनी मंत्रालयांची दारे अडवली, तेव्हा कुठे सरकारने माफी मागितली.

भारताशी संबंध कसा?

नॉर्वेच्या विकासमदतीची सुरुवातच भारतापासून झाली. १९५२च्या करारानुसार केरळमध्ये कोल्लमजवळच्या नींडकरा परिसरात मच्छीमारांसाठी प्रकल्प उभा राहिला. उद्देश होता गरीब कोळ्यांना यांत्रिक होड्या, बर्फ, आरोग्यसेवा देण्याचा. पुढे कोळंबीच्या निर्यातीला सोन्याचा भाव आला, ट्रॉलर वाढले आणि त्यांचे मालक व पारंपरिक मच्छीमार यांच्यात संघर्ष पेटला. अखेर १९८८पासून केरळमध्ये पावसाळी ट्रॉलिंगबंदी लागू झाली. पर्ससीनचा वाद पाहिलेल्या कोकणातील वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

निधीच्या नैतिक नियमांचा फटका भारताशी संबंधित कंपन्यांनाही बसला. ओडिशातील कारभारावरून वेदांत रिसोर्सेसला २००७मध्ये, तर अदानी पोर्ट्सला म्यानमारशी निगडित कारणावरून मे २०२४मध्ये वगळण्यात आले. त्याच्या दोनच महिने आधी, १० मार्च २०२४ रोजी, नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन यांच्या ‘एफ्टा’ गटाने भारताशी व्यापार करार केला होता. १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचे उद्दिष्ट ठेवणारा हा करार १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला. त्यात कामगार हक्क आणि पर्यावरण यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्या प्रकरणावरून वाद झाला, तर मात्र करारातील तंटा निवारण यंत्रणेकडे दाद मागता येत नाही.