जनुकीय कात्री आणि रोगनिदान

मुळशी तालुक्यातील माण गावाच्या शिवारात हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा राहिला आणि दूरदूरचे श्रमिक येथे आले. नंदुरबार वा गडचिरोलीकडील एखादा तरुण सांधेदुखी, पांडुता व ज्वर घेऊन आला, की आमवाताचे निदान आपल्या ओठांवर सहज येते. तो सिकलसेलही असू शकतो. हा भेद मुळाशी जाऊन ओळखणाऱ्या एका तंत्राचा परिचय वैद्यबंधु-भगिनींना करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

सिकलसेलचे मूळ बीटा-ग्लोबिन जनुकातील केवळ एका अक्षराच्या बदलात आहे. त्यामुळे प्राणवायू कमी पडताच रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सूक्ष्म वाहिन्या अडवतात.

एवढा सूक्ष्म बदल ‘क्रिस्पर’ टिपू शकते. विषाणूंशी लढण्याची ही जिवाणूंची व्यवस्था. २०१२ मध्ये शार्पेंटिए व डाउडना यांनी तिच्यापासून जनुक कापण्याचे साधन सिद्ध केले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. यात मार्गदर्शक आरएनए ठरावीक अक्षरक्रम शोधतो आणि ‘कॅस’ प्रथिन तेथे चिकटते.

दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतील देबज्योती चक्रवर्ती व सौविक मैती यांनी याच आधारावर ‘फेलुदा’ चाचणी घडविली. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचेच हे नाव. आरंभी लक्ष्य सिकलसेल होते. साथ आल्यावर ती कोविडकडे वळविली गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिला औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. नमुन्यातील जनुकांश प्रथम यंत्रात बहुगुणित करतात. कॅस त्यास चिकटल्यास कागदी पट्टीवर रेघ उमटते. येथे कात्रीचे काम कापण्याचे नसून ओळखण्याचे आहे. सर्व क्रिया शरीराबाहेर घडते. रुग्णाच्या जनुकांना धक्का लागत नाही, हे रुग्णास अवश्य सांगावे.

मात्र बहुगुणनासाठी यंत्र व प्रशिक्षित हात लागतात. म्हणून संशय येताच आज आपण प्रचलित मार्गच धरावा: प्रथम सोल्युबिलिटी चाचणी, नंतर एचपीएलसी वा इलेक्ट्रोफोरेसिस. जुलै २०२३ मध्ये आरंभलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भरही तपासणी व समुपदेशनावर आहे. पति-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वीची तपासणी म्हणूनच मोलाची.

अशा रुग्णास तीव्र ज्वर, छातीत वेदना वा श्वासकष्ट असल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. साधन जुने असो वा नवे, योग्य वेळी शंका घेणे हे वैद्याचेच काम आहे.