तारापूरकडे वळलेला कॅमेरा

माहितीपटाचे संकेत प्रेक्षकाच्या नकळत काम करतात. बोलणारा दिसत नाही, पण त्याचा भारदस्त आवाज ऐकू येतो, तेव्हा तो सगळं जाणत असेल असं आपण धरून चालतो. जुनं कृष्णधवल चित्रण म्हणजे पुरावा, हलता कॅमेरा म्हणजे खरा प्रसंग, हेही आपण न विचारता मान्य करतो. विश्वास कोणावर ठेवायचा, हे दिग्दर्शकाने आपल्या वतीने आधीच ठरवलेलं असतं. अणुवीज केंद्र आणि रासायनिक कारखाने असलेल्या पालघरच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात या ठरवण्याला फार मोल आहे.

१९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने देशाला निवेदनाची सवय लावली. सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी तिचे लघुपट दाखवणं बंधनकारक होतं. धरणं, कारखाने, पोलादाची भट्टी, आणि वरून सगळं समजावून सांगणारा पुरुषी आवाज. त्यात सामान्य माणूस दिसायचा खूप, बोलायचा क्वचित. १९६७ साली एस. एन. एस. शास्त्रींनी ‘आय ॲम ट्वेन्टी’मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांनाच बोलतं केलं. त्याच संस्थेत राहून केलेलं हे धाडस मला आजही मोठं वाटतं.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. या माणसांकडे कॅमेरा वळवला तो प्रदीप इंदुलकर यांनी. ते स्वतः भाभा अणुसंशोधन केंद्रात अभियंता होते. त्यांच्या ‘हाय पॉवर’ या माहितीपटाला २०१३ साली रिओ द जानेरोच्या आंतरराष्ट्रीय युरेनियम चित्रपट महोत्सवात ‘यलो ऑस्कर’ मिळालं. विस्थापित लोक त्यात जमिनीविषयी, हातून गेलेल्या मासेमारीविषयी, आजारांविषयी बोलतात. इथे साक्ष तज्ज्ञाची नाही, भोगणाऱ्याची आहे. त्यातच या चित्रपटाचं बळ आहे.

पण अडचणही तिथेच सुरू होते. किरणोत्सर्ग कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून दिग्दर्शक चिमणी, काटेरी कुंपण, खोकणारा म्हातारा अशी चित्रं शेजारी-शेजारी ठेवतात, आणि जोडणी स्वतःच कार्यकारणभाव सांगू लागते. आजारी माणसाची वेदना पूर्ण खरी असते. तिचं कारण मात्र गावाच्या आरोग्यनोंदी आणि तुलनेला घेतलेलं दुसरं गाव यांशिवाय ठरत नाही. तारापूर एमआयडीसीच्या रासायनिक सांडपाण्यालाही हेच लागू आहे. खाडीतल्या मेलेल्या माशांचं दृश्य मनाला चटका लावतं, पण पाण्याच्या तपासणीचा अहवाल पडद्यावर आला नाही, तर कारखानदाराच्या वकिलाला ते दृश्य खोडायला एक वाक्य पुरतं. आपल्या बाजूच्या चित्रपटाकडून मी जास्त कडक पुरावा मागतो, कारण तो पडला की साक्ष देणारे पडतात.

पुन्हा करून दाखवण्याचा संकेत तर या कलेइतकाच जुना. दिग्दर्शक फ्लाहर्टीने १९२२ च्या ‘नानूक’ या माहितीपटासाठी आतल्या चित्रणाला उजेड मिळावा म्हणून अर्धंच बर्फाचं घर बांधून घेतलं होतं. याच किनाऱ्यावरच्या सातपाटीच्या खलाशाला ‘जाळं परत एकदा ओढा’ म्हणणं त्याच जातीचं. काम तोच करतो, हातही त्याचेच, म्हणून ते मला चालतं. दुःख पुन्हा करून दाखवायला सांगणं चालत नाही.

आनंद पटवर्धनांनी ‘हमारा शहर’मध्ये (१९८५) एक बाई ठेवली आहे. आमचे फोटो काढून तुम्ही काय करणार, असं ती कॅमेऱ्यामागच्या माणसालाच सुनावते. हा प्रसंग कापणं सोपं होतं. तो राहिला, म्हणून चित्रपटाच्या बाकीच्या साक्षींचं वजन वाढलं. त्यांच्याच अण्वस्त्रविरोधी ‘जंग और अमन’वर सेन्सॉरने कात्री उगारली. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो काटछाट न करता दाखवू दिला.

आता प्रश्न डहाणूजवळच्या वाढवण बंदराचा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुमारे ७६ हजार कोटींच्या या बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध त्याआधी कितीतरी वर्षं चालू होता. पोफरणच्या लोकांना जुनं गाव आठवणीतून सांगावं लागतं. डहाणूच्या किनाऱ्यावर मात्र बरंच काही अजून चित्रित करता येईल: कुठल्या महिन्यात कुठे जाळी लागतात, किती बोटी सुटतात, पापलेट कुठल्या भावाने उतरतं, बोंबील वाळवणाऱ्या बायकांच्या हाती दिवसाकाठी काय पडतं. निवेदन नको, संगीत नको. तारीख, जागा आणि बोलणाऱ्याची संमती हवी. गावातल्याच पोरांनी मोबाइलवर हे सुरू करावं, आणि चित्रणाची एक प्रत गावाकडेच ठेवावी.