आरोपी सापडलाच नाही, मग बिल कोण भरणार?

समजा, तुमचे बाबा रात्री उशिरा कामावरून घरी येतायत. गल्लीच्या तोंडाशी दोघं जण मोबाइल हिसकावतात, झटापटीत चाकू चालतो आणि उजवा हात कायमचा अधू होतो. एफआयआर होते. हल्लेखोर मात्र सापडत नाहीत. हॉस्पिटलचं बिल कोण भरणार? बुडालेला पगार?

कॅन्टीनमध्ये हा प्रश्न टाकला तर उत्तरं एकाच छापाची आली. नातेवाईक, उसनवारी, एकीनं तर क्राउडफंडिंगची लिंकच बनवायला घेतली. 'सरकार' असं कुणीच म्हणालं नाही. खरं सांगते, ही असाइनमेंट मिळेपर्यंत मीही म्हणाले नसते.

पण कायद्यात ते लिहिलेलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ (जुन्या सीआरपीसीत ते ३५७-अ होतं, ३१ डिसेंबर २००९ पासून लागू) सांगतं, की गुन्ह्यातल्या पीडितांसाठी प्रत्येक राज्यानं भरपाईची योजना करायची. महाराष्ट्राची योजना २०१४ची. आणि यातली खरी गंमत पुढे आहे. आरोपीचा पत्ता लागला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले अर्ज करू शकतात. आरोपी निर्दोष सुटला, तरी पुनर्वसनाची गरज पाहून कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं.

आता तुम्ही विचाराल, गुन्हा केला भलत्यानं, पैसे आपल्या करातून का? मलाही हेच खटकलं होतं. मग मार्जरी फ्राय या ब्रिटिश समाजसुधारक बाईंनी मांडलेलं एक उदाहरण वाचलं. १९५१मध्ये मारहाणीत एका माणसाची दृष्टी गेली. कोर्टानं ११,५०० पौंड भरपाई ठरवली, पण दोन्ही हल्लेखोरांनी आठवड्याला पाच-पाच शिलिंग द्यायचे. हिशेब मांडा : सगळी रक्कम मिळायला ४४२ वर्षं! थोडक्यात, गुन्हेगाराच्या खिशावर विसंबून चालत नाही. न्यूझीलंडनं १९६३मध्ये तसा कायदा केला, आपण बऱ्याच उशिरा.

उशिरा का होईना, काही ठिकाणी वेळेचं भानही आलं. अ‍ॅसिड हल्ल्यात किमान तीन लाख द्या, त्यातले एक लाख १५ दिवसांत, असं सुप्रीम कोर्टानं जुलै २०१३मध्ये सांगितलं. शस्त्रक्रिया निकालाची वाट बघत नाही ना! अ‍ॅसिड किंवा बलात्कार पीडितेला खासगी हॉस्पिटलनंही तातडीचे उपचार मोफत द्यायचे असतात. नकार देणं हाच गुन्हा आहे. राज्याची 'मनोधैर्य' योजनाही २०१३चीच. पुढे २०१८मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं महिलांसाठी योजना आखली. त्यात बलात्कारासाठी चार ते सात लाख, अ‍ॅसिडनं चेहरा विद्रूप झाला तर सात ते आठ लाख. यातला मोठा भाग मुदत ठेवीत जातो. घरातल्या इतरांनी पैसे उडवू नयेत म्हणून ते ठीक, पण ज्या बाईला आत्ता घरभाडं भरायचंय, तिनं काय करायचं, हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही.

अर्ज करायचा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. एफआयआरची प्रत आणि उपचारांची कागदपत्रं जपून ठेवा. चौकशी दोन महिन्यांत संपवायची, असं कायदा म्हणतो. महिला आणि मुलांना वकीलही मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००. रक्कम इजा किती गंभीर त्यावर ठरते आणि अर्जाला मुदत असते, तेव्हा 'बघू नंतर' नको.

सुरुवातीला 'समजा' म्हटलं ना, ते समजा नव्हतं. माझ्या एका सीनियरच्या वडिलांची ही गोष्ट. तेव्हा तिनं स्कूटी विकली, एक वर्ष ड्रॉप घेतला. परवा तिला फोन करून हे सगळं सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "हे तेव्हा कुणीच कसं नाही सांगितलं गं?" मुदत उलटली असेल का, हे तिला आधी विचारायचंय. सोमवारी आम्ही दोघी प्राधिकरणाच्या ऑफिसला जातोय. एफआयआरची झेरॉक्स आईच्या कपाटात सापडली आहे.